गोळ्यांचं दुकान आणि मागचं घर



तुमच्या माहेरच्या गावात गोळ्यांचं एक दुकान होतंच. गाव कोकणातलं असो, घाटावरचं असो की वऱ्हाडातलं, दुकानाची तऱ्हा सगळीकडे सारखीच! रस्त्यापासून दोन पायऱ्या वर. दाराला लाकडी फळ्या. सकाळी एकेक काढून भिंतीला टेकवायच्या आणि रात्री पुन्हा नंबरवारीने बसवायच्या. आत काचेच्या बरण्यांची रांग. संत्र्याच्या फोडीसारख्या लिमलेटच्या गोळ्या, पांढऱ्याशुभ्र पेपरमिंटच्या वड्या, श्रीखंडाच्या गोळ्या, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, आवळासुपारी. खाली पत्र्याच्या डब्यांत बत्तासे, रेवड्या, साखरफुटाणे, गुडदाणी, राजगिऱ्याच्या वड्या. बरणीचं झाकण उघडलं की येणारा तो वास! इतक्या वर्षांनी त्याची नुसती आठवण झाली तरी तोंडाला पाणी सुटतं की नाही?

या दुकानांवर आपला एवढा जीव का जडला, याचा मी पुष्कळदा विचार करते. गोडाचं कारण तर आहेच. पण आणखीही एक आहे. त्या वयात घरी, शाळेत, देवळात आपल्याला कुणी विचारत नसे. ‘लहान आहेस, गप्प बस’ हेच ऐकायचं. या दुकानात मात्र आपण गिऱ्हाईक असायचो. टाचा उंचावून फळीवर पैसे ठेवले की दुकानदार मोठ्या माणसांचं बोलणं तोडून विचारायचा, “बोला ताई, काय देऊ?” मग आपण पाच मिनिटं विचार करायचा, मत बदलायचं, पुन्हा पहिल्यावर यायचं. तो थांबायचा. कागदाच्या तुकड्याची पुडी बांधून वर एक गोळी जास्तीची द्यायचा. हिशेब करायला आपण तिथे शिकलो, आणि स्वतःच्या पैशांचं काय करायचं ते स्वतः ठरवायलाही.

हिशेबाची तर त्या काळी मोठीच गंमत होती. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. तोवर रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. आता रुपयाचे शंभर. पण मोठ्यांच्या तोंडचे आणे काही लवकर गेले नाहीत. एका आण्याचे सहा नवे पैसे धरायचे, आणि चार आण्यांचे मात्र पंचवीस! मग चार वेळा एकेक आणा खर्च केला तर चोवीसच, आणि अख्खी पावली नेली तर एक पैसा जास्त. हे ज्या पोरीला पहिल्यांदा उमगलं ती त्या दिवशी वर्गात राणी! पुढे १९६४ मध्ये ‘नवा’ हा शब्द गळला आणि नुसता पैसा राहिला. ३० जून २०११पासून तर पावली आणि तिच्या खालची सगळी नाणी चलनातूनच गेली. आता नातवंडांना पाच पैशांची गोष्ट सांगावी तर आधी पाच पैसे म्हणजे काय ते सांगावं लागतं.

असो. मला आज सांगायचंय ते दुकानाच्या पुढच्या भागाबद्दल नाही, मागच्या घराबद्दल.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं. आमच्याकडच्या दुकानाच्या पाटीवर मालकांच्या वडिलांचं नाव होतं आणि त्यापुढे झोकदार अक्षरांत ‘आणि सन्स’. गल्ल्यावर काका बसायचे. लिमलेट, पेपरमिंट यांसारखा माल बाहेरून यायचा, पण रेवड्या, गाठी, बत्तासे, चिक्की, हलवा हे सगळं घरचं. ‘घरचं’ म्हणजे कुणाचं? दुकानाच्या मागे एक बोळ, बोळानंतर अंगण, आणि अंगणाच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली दोन मोठ्या चुली. तिथे काकू, त्यांची जाऊ आणि पुढे दोन सुना. पहाटे पाचला चूल पेटायची. गावात त्यांचं खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. लहानथोर सगळ्यांच्या त्या काकूच.

या घराचं वर्ष पंचांगाप्रमाणे चालायचं. पौषात हलवा. संक्रांतीच्या हलव्याला काटा कसा येतो, हे बघायला आम्ही मुली अंगणात जाऊन बसत असू. निखाऱ्यावर परात, परातीत खसखस किंवा तीळ, आणि त्यावर चमचा चमचा साखरेचा पाक घालत बोटांनी सारखं हलवत राहायचं. पाक थोडाही जास्त पडला की सगळ्याचा गोळा होतो. निखारा जास्त झाला की काटा मोडतो. एकेका घाण्याला तासन्‌तास बैठक. नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर शोभणारे हलव्याचे दागिने, बाळाच्या बोरन्हाणाचे हार-मुकुट, सगळं त्या परातीतून निघायचं. तुमच्याही पहिल्या संक्रांतीचा फोटो कपाटात असेल. त्यातला तो पांढराशुभ्र हार कुणीतरी बोटं भाजून केलेला आहे, बरं का!

मग शिमगा-पाडव्याच्या गाठी. पाक उकळला की त्यात थोडं दूध घालायचं. मळी फेसाबरोबर वर येते, ती झाऱ्याने काढायची. लाकडी साच्यात आधी दोरा ताणून ठेवायचा, वर पाक ओतायचा, आणि आळला की अख्खी माळ अलगद सोडवायची. ही माळ गुढीला, आणि पोरांच्या गळ्यातही. चैत्रात गावोगावच्या जत्रा, तेव्हा बत्तासे. पाकात खायचा सोडा टाकून घोटलं की तो फुगतो, आणि पसरलेल्या कापडावर त्याचे थेंब सोडले की जागच्या जागी बत्तासे. आषाढात पंढरपूरहून येणारे लोक तिथलेच चुरमुरे-बत्तासे प्रसाद म्हणून आणायचे, तेव्हा आमच्या दुकानाला जरा उसंत. पावसाळ्यात तसाही साखरेचा माल करायचा नाही. साखर हवेतलं पाणी ओढून घेते आणि गोळ्यांना घाम सुटतो. थंडी पडली की पुन्हा चिक्की आणि रेवडी.

रेवडीची तर वेगळीच मजा. गरम पाकाचा लगदा भिंतीतल्या जाड खुंटीवर टाकायचा, दोन्ही हातांनी ओढायचा, दुमडून पुन्हा खुंटीवर. शंभरदा, दोनशेदा. ओढता ओढता आत हवा शिरते आणि तपकिरी लगदा हळूहळू रेशमासारखा पांढरा होतो. पाटीवर ‘सन्स’ होते, पण खुंटीशी उभ्या राहायच्या त्या सुना! आम्हाला वाटायचं, केवढी मजेची कामं यांची. खांदे किती दुखत असतील, हे स्वतःच्या संसारात कणीक तिंबायला लागल्यावर कळलं.

आता त्या हातांमधलं ज्ञान पाहा. पाकाचं सगळं गणित त्यात किती पाणी उरलंय यावर असतं. पाणी आटत जातं तशी उष्णता चढत जाते. गोळीबंद पाक होतो सुमारे ११५ अंश सेल्सियसला. कडक पाक, म्हणजे गोळीचा, सुमारे १५०ला. तेव्हा शंभर भागांत जेमतेम एक भाग पाणी उरलेलं असतं. पाच-दहा अंश खाली राहिलं तर माल चिवट, वर गेलं तर करपून कडू. काकूंकडे ना थर्मामीटर, ना घड्याळ. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकायचा, बोटाने दाबायचा, कानाशी नेऊन मोडायचा. “कट्ट म्हणाला की उतरव,” एवढंच त्या सुनेला सांगायच्या. लिंबाचे चार थेंब पाकात का घालायचे, तर आंबटामुळे थोड्या साखरेचं रूप बदलतं आणि पाकाला पुन्हा दाणे पडत नाहीत. हे रसायनशास्त्र पुस्तकात आहे. काकूंच्या ते हातात होतं.

मग दुकान का गेलं? कुण्या एकाला दोष देऊन चालणार नाही. कारखान्यांच्या गोळ्या तर आपल्या लहानपणीही होत्याच. मुंबईच्या विलेपार्ल्यात १९२९ साली पार्ले कंपनीची सुरुवात झाली ती गोळ्यांनीच. बिस्किटं मागून आली. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये साखर कारखाना उभारला, आणि काही वर्षांत तिथे गोळ्याही बनू लागल्या. रावळगावच्या गोळ्या तर आपण सगळ्यांनीच खाल्ल्या आहेत. या गोळ्या आमच्या काकांच्या बरणीत सुखाने नांदत होत्या. पण हळूहळू प्रत्येक गोळीला चकचकीत कागद आला, रस्त्यारस्त्यावर माळा लटकू लागल्या, आणि सुट्या रेवडीकडे ‘उघड्यावरचं’ म्हणून बघायला आपणच शिकलो. त्यात काही चूक होतं असंही नाही. खाण्याचा नसलेला रंग घालणारेही बाजारात असतातच. अगदी २०२४ मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटक सरकारांना ऱ्होडामाईन-बी नावाच्या कापडाच्या रंगापायी म्हातारीच्या केसांवर बंदी घालावी लागली. मुलं शिकून पुण्यामुंबईला गेली, सुना नोकरीला लागल्या. पहाटे पाचला चूल पेटवायला मागच्या घरात कुणी उरलं नाही, आणि पुढचं दुकान आपोआप विझलं.

इथवरची गोष्ट गावोगावची. पुढची जरा मनाला लागणारी आहे.

काका गेले. मृत्युपत्र नव्हतं. वर्षभराने जागा विकायचं ठरलं. कागदपत्रांच्या दिवशी काकूंना बोलावून एका कागदावर सही घेतली. तो हक्कसोडाचा कागद होता. “वाचायचं काय त्यात, मुलंच आहेत ना आपली,” असं कुणीसं म्हणालं, आणि काकूंनी सही केली. मुलं वाईट नव्हती, पुढे आईला त्यांनी सांभाळलंही. पण चाळीस वर्षं ज्या चुलीवर दुकान उभं होतं, तिची मालकीण त्या कागदावर फक्त ‘हक्क सोडणार’ म्हणून आली. त्यानंतर त्यांनी गाठीचे साचे मागितले. ते आधीच जळणात गेले होते.

हे वाचून हळहळून पान उलटू नका. पाटीवर ‘सन्स’ लिहिलं म्हणून कायदा तसं म्हणत नाही. हिंदू वारसा कायदा १९५६चा आहे. पतीने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्याच्या वाट्याच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि पतीची आई या सगळ्यांना सारखा हिस्सा आहे. आणि ९ सप्टेंबर २००५च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाप्रमाणे जन्मापासूनचा हक्क मिळाला. हिस्सा घ्यायचा की सोडायचा, हे ज्याने त्याने घरचं बघून ठरवावं. राजीखुशीने सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्यांचा मला आदर आहे. पण काय सोडतो आहोत ते माहीत असलं पाहिजे. वाचल्याशिवाय सही नाही, आणि कळलं नाही तर स्वतःच्या ओळखीच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही, एवढं तरी मनाशी ठरवा.

आणि नावाला, कृतीला मोल नसतं असंही कुणी सांगू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांचा व्यवहार झाला तो वाचलात का? रिलायन्सच्या कंपनीने त्या विकत घेतल्या त्या २७ कोटी रुपयांना. आणि घेतलं काय, तर गोळ्यांची नावं, कृती आणि त्यांवरचे हक्क. कारखाना, जागा, यंत्रं त्यात नव्हती! म्हणजे कागदावर लिहिलेलं नाव आणि लिहिलेली कृती यांची किंमत कोटींनी झाली. आमच्या काकूंची कृती त्यांच्या बोटांत राहिली आणि बोटांबरोबर गेली.

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सुचवते.

पहिली. तुमच्या घरात सासूबाई, आई, मावशी, आत्या, जो कुणी जाणता हात असेल त्याच्याजवळ वही घेऊन बसा. ‘अंदाजाने घाल’ असं त्या म्हणणारच. तो अंदाज त्यांच्या हातून वाटीत ओतून घ्या आणि मोजा. पाकाची खूण त्या कशी ओळखतात तेही लिहा: वास, रंग, आवाज. कृतीच्या वर त्यांचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख घाला.

दुसरी. तुम्ही घरच्या धंद्यात राबत असाल, मग तो मसाल्यांचा असो, पापडांचा की दिवाळीच्या फराळाचा, तर तुमचं नाव कागदावर कुठे आहे ते या आठवड्यातच पाहा. घरगुती खाद्यपदार्थ विकायलाही २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती कुणाच्या नावे आहे? बँकेतलं खातं? भागीदारीचा करार? रागावून नको, चहा घेताना सहज विचारा. पुष्कळ घरांत उत्तर एवढंच असतं की, ‘अगं, लक्षातच आलं नाही.’ मग आणून द्या लक्षात!

तिसरी गोष्ट गोड आहे. येत्या थंडीत मुलांना घेऊन एकदा घरी चिक्की करा. काकूंच्या पद्धतीची देते.

एक वाटी शेंगदाणे खमंग भाजून, सालं काढून, पाखडून अर्धे करून घ्या. पाऊण वाटी चिक्कीचा गूळ बारीक चिरा. पोळपाटाला आणि लाटण्याला आधीच तूप लावून ठेवा, कारण नंतर वेळ मिळत नाही! जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप आणि गूळ घालून मंद आचेवर ठेवा. पाणी घालू नका. गूळ विरघळून फेस आला की सारखं ढवळा. आता वाटीतल्या गार पाण्यात एक थेंब टाका. ओढला तर लांबला, म्हणजे अजून अवकाश आहे. कट्ट मोडला आणि दाताला चिकटला नाही, की लगेच गॅस बंद करून दाणे घाला, भराभर ढवळा, पोळपाटावर ओतून लाटा आणि गरम असतानाच सुरीने वड्या पाडा. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, म्हणजे सादळत नाही.

एक सूचना मात्र नीट ध्यानात ठेवा. उकळत्या पाण्यापेक्षा पाक पुष्कळ जास्त गरम असतो आणि अंगाला चिकटून बसतो. कढईजवळ मुलांना येऊ देऊ नका. त्यांच्याकडे दाणे सोलायचं आणि वड्या मोजायचं काम द्या. चुकून हातावर पडलाच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली हात धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. फोड मोठा असेल तर डॉक्टरांना दाखवा.

वड्या झाल्या की एकेका पोराला कागदाची पुडी बांधून द्या आणि त्याला विचारा, “बोला साहेब, किती देऊ?” बघा कसा रुबाबात उभा राहतो ते!

आणि तुमच्या गावच्या गोळ्यांच्या दुकानाबद्दल मला जरूर लिहा. काय मिळायचं, कोणत्या बरणीत मिळायचं, सगळं कळवा. फक्त एक अट आहे. दुकानदाराच्या नावाबरोबर मागच्या घरात चुलीशी कोण बसायचं, तिचंही नाव लिहा. ‘अमक्यांची बायको’ नको, तिचं स्वतःचं नाव. ठाऊक नसेल तर आजच आईला विचारा. तिला बहुधा ठाऊक असेल.